‘सहा’ की ‘दहा’: लेसरचा आकडा, निर्जंतुक हात आणि बाहेरची सिस्टर

रुग्ण ४२ वर्षांचा. बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वाडीचा, नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊसतोडीचा हंगाम संपवून गावी आला तो डाव्या कुशीतून जांघेकडे जाणारी कळ घेऊनच. कारखान्यावर असतानाच दुखणं सुरू झालं होतं, पण उचल घेतलेली असल्यावर कोयता खाली ठेवता येत नाही. मे महिन्यात तो आमच्याकडे लातूरला दाखल झाला, तेव्हा सीटी स्कॅनमध्ये डाव्या मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात ११ मिलिमीटरचा खडा अडकलेला होता आणि त्यावरची किडनी फुगली होती. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू नव्हते. किडनीचं काम ठीक होतं.

‘पाणी किती पिता?’ असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘फडात कुठलं पाणी, सिस्टर? सकाळी घागर नेली की दुपारपस्तोर तीच. त्यात लेकरं बी पित्यात.’ आमच्या भागात मुतखड्याचा सगळा दोष बोअरच्या पाण्याला देतात. माझा अनुभव असा की बोअरचं पाणी पिऊन खडा होण्याआधी पाणीच न पिऊन खडा होतो. ४२ अंशांत घाम जातो, लघवी दाट होते, क्षार खाली बसतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं होतं. त्या उन्हाळ्यात भांडी मोजून पाणी वापरणारी माणसं प्यायचं पाणीही मोजूनच पीत होती.

ऑपरेशन ठरलं ते दुर्बिणीचं. लघवीच्या मार्गातून दुर्बीण वर न्यायची आणि होल्मियम लेसरने खडा फोडायचा. रोजचंच काम. ते लिहून काढायचं कारण त्या दुपारी झालेल्या दोन चुका. दोन्हींचं मूळ एकच होतं. ज्याच्या हातात लेसर असतो त्याचा हात लेसरच्या बटणाला लागू शकत नाही. मी त्या दिवशी बाहेरची सिस्टर होते, म्हणजे निर्जंतुक कपडे न घातलेली, मशीनपाशी उभी असणारी. पहिली चूक माझ्या कानापाशी झाली, हे आधीच सांगते.

मशीन कोणाच्या ताब्यात

ज्यांनी ओटी, म्हणजे ऑपरेशनची खोली, आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी मांडणी सांगते. ऑपरेशन करणारे सर हात धुऊन, निर्जंतुक गाऊन आणि हातमोजे घालून बसलेले. त्यांच्या उजवीकडे तसेच तयार झालेले ब्रदर, म्हणजे मदतीचे पुरुष नर्स. गाऊनचा छातीपासून कमरेपर्यंतचा पुढचा भाग आणि बाह्या तेवढ्या निर्जंतुक मानायच्या. टेबलाच्या कडेखाली गेलेली वस्तू गेली. लेसरचं मशीन या सगळ्याच्या बाहेर असतं. त्याला चाकं, वारा फेकणारा पंखा, अंगावर धूळ. ते वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही आणि त्याच्या काचेवर कितीही स्पिरिट फिरवलं तरी ते निर्जंतुक होत नाही.

दोन्ही जगांना जोडणारी वस्तू एकच, फायबर. जाड केसासारखी काचेची तार, चांगली लांब. ब्रदर ती निर्जंतुक पाकिटातून काढतात, एक टोक आपल्याकडे ठेवतात आणि दुसरं, धातूच्या टोपीचं, माझ्या हातात सोडतात. मी ते मशीनमध्ये पिळून बसवते. त्या क्षणापासून ती तार अर्धी त्यांची आणि अर्धी माझी. कुठपर्यंत त्यांची, हे तारेवर लिहिलेलं नसतं. टेबलाच्या कडेवर चिमट्याने अडकवलेल्या जागेपर्यंत त्यांची, असं आम्ही धरतो. चिमट्याच्या अलीकडची तार पुन्हा वर ओढायची नाही.

म्हणजे लेसरवरचा ताबा तीन जणांत वाटलेला असतो. किरण सोडायचा पाय सरांचा, कारण पेडल जमिनीवर असतं आणि पायाला निर्जंतुकपणाचं बंधन नाही. फायबर धरायचा हात सरांचा आणि ब्रदरचा. ऊर्जा किती, ठोके किती, मशीन स्टँडबायवर (म्हणजे चालू, पण पेडल दाबलं तरी किरण न सोडणारं) की तयार, हे ठरवणारं बोट माझं. सरांचं म्हणणं माझ्या बोटापर्यंत पोचतं ते मास्कच्या आडून आलेल्या शब्दांतून. मशीनचा पंखा, सक्शन, सी-आर्म या एक्स-रे मशीनची घरघर आणि एसी या सगळ्यांतून वाट काढत ते शब्द येतात.

होल्मियमचा किरण २१०० नॅनोमीटरचा. तो पाण्यात फार लवकर शोषला जातो, ऊतींत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच शिरतो. म्हणूनच मूत्रवाहिनीसारख्या अरुंद नळीत तो वापरता येतो. पण खड्याऐवजी भिंतीला टेकला तर तेवढंही पुरतं, कारण ती भिंतच पातळ. मशीनवर मुख्य आकडे दोन. एका ठोक्याची ऊर्जा ज्यूलमध्ये आणि सेकंदाला किती ठोके ते हर्ट्झमध्ये. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. १ ज्यूल आणि १० हर्ट्झ म्हणजे १० वॅट, १ ज्यूल आणि ६ हर्ट्झ म्हणजे ६ वॅट. दुर्बिणीतून सोडलेलं सलाईन नीट वाहत असेल तर ही उष्णता वाहून जाते. खडा भिंतीत रुतलेला असेल आणि पाण्याला पलीकडे जायला वाट नसेल तर पाणी तिथेच तापत राहतं. ४३ अंशांच्या पुढे ते जितका वेळ राहील तितकी इजा वाढते.

त्या दुपारी

कमरेतून भूल दिली होती. रुग्ण जागा होता, मध्येच बायकोने काही खाल्लं का ते विचारत होता. दुर्बीण वर गेली, खडा दिसला. पिवळट तपकिरी, एका बाजूने सुजलेल्या आवरणात रुतलेला. सुरुवातीला सर म्हणाले, ‘एक ज्यूल, दहा.’ मी लावलं, स्टँडबाय काढलं, नेम दाखवणारा हिरवा ठिपका खड्यावर आला आणि टकटक सुरू झाली. होल्मियमचा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला तो विसरता येत नाही. नखाने पत्र्यावर भराभर टिचक्या माराव्यात तसा. पडद्यावर खड्याचा चुरा उडत होता आणि सलाईनबरोबर वाहून जात होता.

बारा-पंधरा मिनिटांत मोकळा भाग संपला. उरला तो भिंतीत रुतलेला तुकडा. तिथे सरांना सावकाश जायचं होतं, एकेक ठोका डोळ्यांनी बघत. ते म्हणाले, ‘सहा करा.’

मला ऐकू आलं, ‘दहा का?’

स्क्रीनवर १० होतंच. मी म्हणाले, ‘दहाच आहे, सर.’

त्यांना ऐकू आलं, ‘सहाच आहे, सर.’

यात हलगर्जी कोणाचीच नव्हती. सांगितलेलं परत म्हणून दाखवायचं, हा नियम आमच्याकडे होता आणि तो आम्ही पाळलाही होता. मी परत म्हटलं, सरांनी ते ऐकलं, आणि तरीही दोघांच्या डोक्यात दोन वेगळे आकडे राहिले. मराठीत ‘सहा’ आणि ‘दहा’ यांच्यात फरक आहे तो पहिल्या अक्षराचा, आणि मास्कमध्ये आधी तेच अक्षर विरून जातं. ‘आठ’ आणि ‘साठ’ यांचंही तसंच. आपल्या भाषेतले आकडे बाजारात समोरासमोर बोलायला तयार झाले आहेत. तिथे बोटं दिसतात, ओठ दिसतात.

सरांनी पेडल दाबलं. पाचेक सेकंदांत पडद्याचा एक कोपरा लालसर झाला. फायबरचं टोक तुकड्यावरून सरकून भिंतीला घासलं होतं. सहाच्या गतीला कदाचित सरांचा पाय वेळेत उचलला गेला असता, दहाच्या गतीला तेवढ्याच अवधीत जास्त ठोके बसले. त्यांनी पाय काढला, सलाईनचा जोर थोडा वाढवायला सांगितला आणि म्हणाले, ‘डीजे काढून ठेवा. आणि आकडा वाचा जरा.’

यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं. डीजे स्टेंट म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत ठेवायची मऊ नळी, आणि ती बाहेरच्या कपाटात होती. मी दाराकडे वळले. मशीन तयार अवस्थेतच सोडून.

मी कपाटापाशी असताना वीज गेली. बाहेर अवकाळी वारं सुटलं होतं. दुर्बिणीचा कॅमेरा आणि भुलीचं यंत्र यूपीएसवर आहे, लेसर नाही, कारण तो खेचतो तेवढा भार आमच्या यूपीएसला पेलत नाही. जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागले. मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं, स्वतःची तपासणी केली आणि कारखान्यातून भरून आलेले आकडे दाखवत स्टँडबायवर थांबलं. सरांच्या लक्षात आलं की मशीनपाशी कोणी नाही. त्यांनी विचारलं, ‘सिस्टर कुठे?’ ब्रदर मशीनच्या सगळ्यात जवळ होते. सर खोळंबलेत, रुग्ण टेबलावर आहे, एका बोटाचं काम. त्यांनी हात लांब करून काचेवर टेकवला, स्टँडबाय काढलं आणि तोच हात पुन्हा फायबरवर आणला.

पुढच्या क्षणी तेच म्हणाले, ‘सर, माझा हात लागला मशीनला.’

हे वाक्य मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं. खोलीत अंधार होता, सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते. ते गप्प बसले असते तर कोणाला कधीच कळलं नसतं. त्यांच्या नोकरीला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते.

पुढची चार मिनिटं

सरांनी पाय पेडलवरून उचलून मागे घेतला. मी स्टेंटचं पाकीट घेऊन आत आले तेव्हा खोलीत कोणी हलत नव्हतं. ‘स्टँडबाय,’ सर म्हणाले. मी केलं. मग फायबर दुर्बिणीतून बाहेर आलं. ब्रदरनी हातमोजे काढले, गाऊनही बदलला, कारण बाहीचं टोक काचेला टेकलं होतं की नाही हे त्यांना खात्रीने सांगता येत नव्हतं. खात्री नसेल तर ते अशुद्धच धरायचं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

फायबरचा प्रश्न जास्त अवघड होता. छोट्या रुग्णालयात फायबर म्हणजे जड खर्च. आमच्याकडचं ते फायबर पुन्हा वापरायचं, म्हणजे टोक कापून, ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) वायूने निर्जंतुक करून परत येणारं. त्या दिवशी कपाटात दुसरं एकच होतं, आणि संध्याकाळी आणखी एक केस लागलेली होती. ओटीतल्या मदतनीस मामांनी हळूच विचारलं, ‘पुसून नाही का चालत, साहेब?’ मामा कंजूष नाहीत. या भागात वस्तू वाया घालवणं हे पाप मानूनच आम्ही सगळे वाढलो आहोत. पण पुसून चालत नाही. फायबर दुर्बिणीच्या ज्या वाटेने जातं त्याच वाटेने सलाईन जातं, आणि ते सलाईन दाबाखाली किडनीकडे चढतं. जंतू गेलाच तर फुगलेल्या, वाट अडलेल्या किडनीत जाणार. तिथून रक्तात जायला त्याला वेळ लागत नाही. सरांनी दुसरं फायबर उघडायला सांगितलं. संध्याकाळची केस दुसऱ्या दिवसावर गेली.

खरं तेही सांगितलं पाहिजे. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर ताप येतो तेव्हा बहुतेक वेळा जंतू बाहेरून आलेले नसतात, रुग्णाच्या स्वतःच्या लघवीत किंवा खड्यातच दडलेले असतात. म्हणून कल्चर आधी, म्हणून खड्यामागून पू आला तर लेसर न लावता नुसती नळी घालून बाहेर यायचं. पण त्यामुळे आपल्या हातची चूक हलकी होत नाही. आतल्या जंतूंवर आपला पूर्ण ताबा नाही, काचेवरच्या जंतूंवर आहे.

नवीन फायबर जोडल्यावर सर म्हणाले, ‘आता मला सगळं पहिल्यापासून वाचून दाखवा.’ मी स्क्रीनवर बोट फिरवत वाचलं, आणि हर्ट्झपाशी आल्यावर तो आकडा मी आधी काय ऐकला होता ते सांगितलं. सर क्षणभर गप्प राहिले. म्हणाले, ‘म्हणजे मी मघाशी दहावर होतो.’ रागावले नाहीत. आवाज खाली गेला, एवढंच. सलाईनने नजर स्वच्छ झाली होती, ओरखडा वरवरचा होता, भोक पडलेलं नव्हतं, किडनीपर्यंतची वाट धरून ठेवणारी तार, गाइडवायर, जागेवर होती. उरलेला तुकडा छोटा होता. इथेच थांबून पुन्हा दुसऱ्यांदा भूल द्यायची की सावकाश पूर्ण करायचं, हा निर्णय सरांचा. त्यांनी ६ हर्ट्झवर, मध्ये मध्ये थांबत, पाणी निवू देत खडा संपवला. डीजे ठेवली. एरवी ते अशा केसमध्ये दोन आठवड्यांनी काढतात, या वेळी चार सांगितले.

रुग्णाला काय सांगितलं

संध्याकाळी सर वॉर्डात गेले, मीही गेले. सरांनी त्याला आणि त्याच्या बायकोला सरळ सांगितलं, ‘खडा निघाला. फोडताना आतून थोडं खरचटलं आहे. आमच्याकडून मशीनचा आकडा चुकला. त्याला भरायला वेळ द्यायचा म्हणून नळी दोन आठवडे जास्त ठेवतोय.’

बायको म्हणाली, ‘काम करता यील का पर त्याला?’ तिचा प्रश्न तोच होता. पुढच्या हंगामाला अजून महिने होते. सरांनी सांगितलं, नळी आहे तोवर जड उचलायचं नाही, लघवीला जळजळ आणि थोडं लाल होईल, ताप आला किंवा थंडी वाजली तर रात्र असली तरी यायचं. आणि पाणी. तिने पदराला गाठ मारली, तारीख विसरू नये म्हणून. त्याला ताप आला नाही. तिसऱ्या दिवशी घरी गेला, चार आठवड्यांनी येऊन नळी काढून गेला. नंतरच्या सोनोग्राफीत किडनीची सूज उतरलेली होती.

आम्ही बसलो तेव्हा

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सर, भूल देणाऱ्या मॅडम, ब्रदर, सी-आर्मचे टेक्निशियन, मामा, मावशी आणि मी बसलो. सरांनी सुरुवातीलाच सांगितलं की कोणाचं चुकलं ते कालच कळलं आहे, आज कसं चुकलं ते बघायचं.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मामांनी सांगितली. म्हणाले, ‘टकटक मघासारखीच चालली व्हती. साहेबांनी कमी करा म्हणलं आन् आवाज काय बदलला न्हाई. मला वाटलं असंल तसंच.’ सेकंदाला दहा ठोके आणि सहा ठोके यांतला फरक कानाला स्पष्ट कळतो. दहा हे जवळजवळ घुमल्यासारखं लागतं, सहा जरा मोजता येतात. कमी करायला सांगणं आणि न बदललेला आवाज, या दोन्हींचा मेळ बसत नाही हे खोलीत फक्त मामांच्या लक्षात आलं होतं. आणि बोलायचा अधिकार आपल्याला नाही असं वाटल्यामुळे ते गप्प राहिले. त्या दिवसापासून ‘थांबा’ हा शब्द कोणीही म्हणू शकतं, मावशीसुद्धा, आणि तो ऐकल्यावर सरांचा पाय आधी उचलला जातो, ‘का?’ हे नंतर विचारलं जातं.

मग काचेचा प्रश्न. ब्रदरनी सुचवलं की स्क्रीनवरच निर्जंतुक प्लास्टिक चढवावं, लॅप्रोस्कोपीच्या कॅमेऱ्याला चढवतो तसं, म्हणजे सरांना किंवा त्यांनाच आकडा बदलता येईल आणि मधला माणूसच जाईल. कल्पना मला आवडली. दोन केसमध्ये करून पाहिली. प्लास्टिकवरून स्पर्श लागतो, पण हातमोजा सलाईनने ओला असतो, थेंब प्लास्टिकवर साचतात आणि काच त्या थेंबांनाच बोट समजते. दुसऱ्या केसमध्ये कोणी हात न लावता ऊर्जा एक पायरी वर गेली. नशीब, मशीन स्टँडबायवर होतं. शिवाय मशीन टेबलाला चिकटून आणावं लागतं, आणि मग त्याच्या पंख्याचा वारा निर्जंतुक कापडांवर येतो. आम्ही ते सोडून दिलं. ज्या मशीनला वेगळा छोटा रिमोट येतो आणि तो निर्जंतुक पिशवीत घालता येतो, तिथे हे जमू शकेल. कोरड्या हाताने आणि बटणांच्या रिमोटवर. आमच्याकडे तो नाही, आणि फक्त त्यासाठी नवं मशीन मागावं असं मला वाटत नाही.

उपाय सापडला तो माझ्या वडिलांकडून. वडील पूर्णेजवळ रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर फोनवर खासगी नंबर, म्हणजे निरोप पक्का करणारा खुणेचा आकडा, द्यायचे आणि वडील तो परत म्हणून वहीत लिहायचे. लहानपणी मी त्या कोठडीत अभ्यास करायची. वडील कधीही ‘बेचाळीस’ म्हणत नसत. ‘चार, दोन’ म्हणत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले होते, ‘वाऱ्यात बेचाळीस आणि त्रेचाळीस सारखंच ऐकू येतं गं.’ त्या बैठकीत मला ते आठवलं. आकडा परत म्हणणं पुरेसं नव्हतं, आकडाच असा म्हणायला हवा की चुकला तर वेगळा ऐकू येईल.

तेव्हापासून आमच्या ओटीत लेसरचा आकडा सुटा सुटा बोलतात. दहा म्हणजे ‘एक, शून्य’. सहा म्हणजे ‘शून्य, सहा’. आठ म्हणजे ‘शून्य, आठ’, त्यामुळे साठ म्हणजे ‘सहा, शून्य’ असं होऊन दोन्ही लांब पडतात. ज्यूलसाठी ‘पॉइंट’ हा शब्द कधीही गाळायचा नाही. ‘आहे’ हे उत्तर बंद. मी आधी जुना आकडा म्हणते, मग नवा: ‘एक-शून्य होतं, शून्य-सहा केलं.’ बदल झाला नसेल तर या वाक्यातच अडखळायला होतं. त्या दुपारी मला असं म्हणावं लागलं असतं तर ‘एक-शून्य होतं, एक-शून्य केलं’ असं झालं असतं, आणि सरांनी मान वर केली असती. त्यानंतर सर पहिला ठोका कानाने तपासतात.

दुसरा नियम माझ्यासाठी सगळ्यात कडक. लेसर तयार अवस्थेत असताना मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाने जागा सोडायची नाही. स्टेंट, जास्तीचं फायबर, गाइडवायर, सगळं स्टँडबाय काढण्याआधी ट्रॉलीवर आलेलं असतं. तरीही जावंच लागलं तर आधी स्टँडबाय, मोठ्याने सांगायचं, मगच जागा सोडायची. वीज जाऊन आली की मशीनवरचा एकही आकडा ओळखीचा मानायचा नाही, सगळं पहिल्यापासून वाचायचं.

पेडलांचंही त्याच बैठकीत निघालं. सी-आर्मचं पेडल आणि लेसरचं पेडल सरांच्या पायापाशी शेजारी शेजारी असायची, दोन्ही पाण्यापासून वाचवायला सारख्याच पारदर्शक पिशव्यांत गुंडाळलेली. अंधारात पायाला ती सारखीच लागतात. एक्स-रे हवा म्हणून दाबलं आणि लेसर सुटला, असं आमच्याकडे झालं नव्हतं. पण उलटं दोनदा झालं होतं, ते आम्ही हसून सोडून दिलं होतं. आता सी-आर्मचं पेडल टेक्निशियनकडे आहे, सर ‘शूट’ म्हणतात तेव्हा ते दाबतात. लेसरचं पेडल एकटंच सरांच्या उजव्या पायाशी, वर टोपण असलेलं, पिशवी घट्ट बांधलेली.

जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची तपासणी यादी आमच्या भिंतीवर आहे: रुग्णाचं नाव, बाजू, अ‍ॅलर्जी वगैरे. त्यात लेसरची ओळ नाही. आम्ही खाली हाताने चार ओळी लिहिल्या. दारावर पाटी आणि त्या किरणाच्या तरंगलांबीचे गॉगल, कारण मूळव्याधीसाठीच्या डायोड लेसरचे गॉगल होल्मियमला चालत नाहीत आणि दोन्ही एकाच खुंटीला टांगलेले असायचे. लाल थांबा-बटण कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक. ट्रॉलीवर स्टेंट. मशीनपाशी कोण, त्याचं नाव.

पाचवी ओळ दिवाळीनंतर वाढली. हैदराबादहून एक सर्जन दोन दिवसांसाठी आले होते, कामात फार सफाई. ते हिंदीत आकडे सांगू लागले आणि माझ्या कानात ‘सात’ आणि ‘साठ’ पुन्हा एकमेकांवर चढले. मी ‘थांबा’ म्हणाले. त्यांनी लगेच पाय उचलला, माझ्याकडे बघितलं आणि मी आमची पद्धत सांगितल्यावर ‘ज़ीरो, सेवन’ असं म्हणाले. तेव्हापासून भूल देण्याआधी मॅडमच सगळ्यांना विचारतात, ‘आज आकडे कोणत्या भाषेत?’ आणि उत्तर मिळेपर्यंत मी मशीनची किल्ली फिरवत नाही.